उन्हाळ्यातील भाजलेले गोड : केसर आंबा आणि ज्वारीच्या पिठाचा क्रम्बल

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी,

सुट्टीत भाचरे-नातवंडे घरी आली की रोजच्या पानात आमरस असतोच. पण रात्री जेवणे उरकल्यावर सगळ्यांना वाटीत वाढता येईल असे, फार खटाटोप नसलेले आणि तरीही नेहमीपेक्षा वेगळे गोड ज्यांना हवे आहे, त्यांच्यासाठी हा धागा काढत आहे. क्रम्बल म्हणजे तळाशी फळांच्या फोडी आणि त्यांवर पीठ, लोणी व साखर चोळून केलेला रवाळ चुरा पसरून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. केक फुगेल की बसेल ही धाकधूक यात नसते, अंडे लागत नाही आणि फेटण्याचे यंत्रही लागत नाही. ब्रिटनमध्ये तो सफरचंदाचा करतात. आपल्याकडे मे महिन्यात सफरचंदाच्या मागे लागण्याचे काहीच कारण नाही, कारण मराठवाड्याचा केसर आंबा तेव्हा बाजारात येत असतो आणि घरात शाळूचे पीठ असते.

सहा-सात माणसांसाठी मध्यम आकाराचे ४ केसर आंबे, म्हणजे साधारण १ किलो, घ्यावेत. सालकोय काढून सुमारे ६५० ग्रॅम फोडी निघतात. फोडी बोटाच्या पेरापेक्षा लहान करू नयेत. त्यांना २ टेबलस्पून साखर, १ टेबलस्पून लिंबाचा रस, १ टेबलस्पून कॉर्नफ्लोअर आणि वेलदोड्याची पूड लावून त्या काचेच्या किंवा स्टीलच्या पसरट भांड्यात दोन बोटे जाडीच्या थरात पसराव्यात. अॅल्युमिनियमचे भांडे मी वापरत नाही, कारण आंबट फळ त्यात तापले की चवीला धातूचा वास लागतो.

वरच्या चुऱ्यासाठी १०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ५० ग्रॅम कणीक, ७५ ग्रॅम किसलेला कोरडा गूळ, ९० ग्रॅम अगदी थंड लोणी, चिमूटभर मीठ आणि मूठभर भाजलेल्या शेंगदाण्यांचा जाडसर कूट लागतो. लोणी बाजारचे खारे असेल तर मीठ वगळावे. लोणी पिठात बोटांच्या टोकांनी चोळून त्याचा रवाळ, मधूनमधून हरभऱ्याएवढे खडे असलेला चुरा करावा आणि तो न दाबता फोडींवर पसरावा. आधी १० मिनिटे तापवलेल्या ओव्हनमध्ये १८० अंशांवर मधल्या कप्प्यात ३५ ते ४० मिनिटे भाजावे. कडेने रस बुडबुडू लागला आणि चुरा बदामी झाला की पदार्थ झाला. बाहेर काढल्यावर किमान अर्धा तास त्याला हात लावू नये, कारण कॉर्नफ्लोअरने धरलेला रस निवतानाच दाट होतो.

ज्वारीचेच पीठ का, हे सांगायला हवे. गव्हातील ग्लुटेनमुळे कणीक ओलसर झाली की चिवट होते. ज्वारीत ग्लुटेन नसल्यामुळे तिचा चुरा खुसखुशीत राहतो. पण निव्वळ ज्वारी घेतली तर चुरा वाळूसारखा सुटतो आणि चमच्यात येत नाही, म्हणून तेवढ्यापुरती कणीक. पीठ मात्र ताजे दळलेले असावे. उन्हाळ्यात पंधरा-वीस दिवस डब्यात राहिलेल्या पिठाला कडवटपणा येतो आणि गुळानेही तो झाकला जात नाही.

---

गोदाकाठ (नांदेड)

ताई, कृती उत्तम आहे, परंतु मुळातला एक प्रश्न विचारल्याशिवाय राहवत नाही. अक्षय्य तृतीयेला पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवल्याशिवाय आंब्याला हात न लावणारी आपली घरे. वर्षभर वाट पाहून आलेले ते फळ भट्टीत घालायचे कशासाठी? केसरचा जो सुगंध आपण पेटी उघडताच घेतो, तो पाऊण तासाच्या उष्णतेत टिकत नाही. पिकलेला आंबा कापून खावा किंवा त्याचा रस करावा, यापरते त्याला न्याय देणारे दुसरे काही नाही असे माझे प्रामाणिक मत आहे. भाजायचेच असेल तर आमच्या अर्धापूरची केळी का नकोत?

---

मांजराकाठ (लातूर)

आपला आक्षेप रास्त आहे आणि पूर्ण पिकलेल्या आंब्याच्या बाबतीत मला तो शंभर टक्के मान्य आहे. तसा आंबा भाजला तर सुगंध तर जातोच, शिवाय फोडी विरघळून तळाशी नुसता लगदा उरतो. माझ्या कृतीतला आंबा वेगळा आहे. अढीतून फळे काढताना काही आंबे असे निघतात की ज्यांना पाड लागलेला असतो, रंग धरलेला असतो, पण अंगठ्याने दाबल्यावर ते अजून घट्ट लागतात. रसाला ते आंबट आणि खायला दडदडीत असतात. ते पुन्हा गवतात घातले तरी त्यांतले काही सुरकुततात आणि फुकट जातात. असेच आंबे भाजण्यासाठी योग्य आहेत. त्यांतला आंबटपणा गुळाला तोल देतो, फोडी आकार धरून राहतात, आणि उष्णतेने रस आटून जी चव येते ती ताज्या आंब्याची नसली तरी तिचे स्वतःचे मोल आहे. तेव्हा आमरसाच्या पेटीतले आंबे रसालाच ठेवावेत. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

असे अर्धपिके आंबे मिळाले नाहीत तर पिकलेल्या आंब्याच्या तीन भागांना एक भाग कैरीच्या पातळ चकत्या मिसळाव्यात. कच्च्या आंब्यात पेक्टिन भरपूर असते. ते आंबटपणा आणि साखरेच्या साथीने रस धरते. त्यामुळे कॉर्नफ्लोअर निम्म्यावर आणले तरी चालते.

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

माझी अडचण लोण्याची आहे. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांपर्यंत जातो, स्वयंपाकघर पश्चिमेला आहे, आणि फ्रिजमधून काढलेले लोणी पिठात चोळायला घेईपर्यंत त्याचे तेल होते. चुरा होण्याऐवजी पिठाचा गोळा होतो आणि भाजल्यावर वर कडक पापडी धरते, तिला सुरीच लावावी लागते. यावर काय करावे?

---

दुधना (परभणी)

खामकाठ, तुमच्या प्रश्नाचे उत्तर लोण्याच्या स्वभावातच आहे. लोणी साधारण ३२ ते ३५ अंशांना वितळते, म्हणजे आपल्या उन्हाळ्यातील खोलीच्या तापमानालाच ते पातळ असते. लोणी घट्ट असताना चोळले तर त्याचे बारीक कण पिठात वेगवेगळे राहतात. ओव्हनमध्ये ते वितळले की त्यांच्या जागी पोकळी उरते, लोण्यातल्या पाण्याची वाफ होते आणि चुरा हलका होतो. आधीच वितळलेले लोणी पिठात मुरते, पिठाचा लगदा होतो आणि तोच पुढे पापडीसारखा कडक होतो.

उपाय तीन आहेत, पण खरा उपाय पहिलाच. काम पहाटे करावे. सकाळी सहाच्या आत चुरा करून तो झाकणाच्या डब्यात भरून फ्रीजरमध्ये ठेवावा आणि भाजायच्या वेळी थेट तिथूनच फळांवर पसरावा. गोठलेला चुरा भाजायला चार-पाच मिनिटे जास्त लागतात, इतकेच. दुसरे असे की लोण्याची वडी फ्रीजरमध्ये दगडासारखी होऊ द्यावी आणि किसणीवर थेट पिठात किसावी, म्हणजे हाताची ऊब लागतच नाही. पीठ आणि परातही आधी फ्रिजमध्ये ठेवावी. तिसरा उपाय घरच्या तुपाचा. बाजारच्या लोण्यात स्निग्धांश ८० टक्क्यांच्या आसपास आणि पाणी १६ टक्क्यांपर्यंत असते, तुपात पाणी जवळजवळ नसते. म्हणून ९० ग्रॅम लोण्याऐवजी ७० ते ७५ ग्रॅम थिजवलेले तूप पुरे होते. तुपाचा चुरा अधिक ठिसूळ होतो आणि नानकटाईच्या वळणाचा लागतो. मला स्वतःला तो लोण्यापेक्षा आवडतो.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. फळे भरलेले काचेचे भांडे फ्रिजमध्ये ठेवले असेल तर ते तिथून काढून लगेच तापलेल्या ओव्हनमध्ये घालू नये, काच तडकते. चुरा थंड हवा, भांडे नाही.

ज्वारीबद्दल मांजराकाठताईंनी लिहिलेच आहे. त्यात एवढीच भर घालतो की आमच्या येथील वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने ज्वारीचे परभणी मोती आणि परभणी शक्ती यांसारखे वाण दिले आहेत. त्यांतला परभणी शक्ती हा लोह आणि जस्त यांचे प्रमाण वाढवलेला वाण आहे. चुऱ्यासाठी कोणतीही पांढरी, टपोरी शाळू चालते, मालदांडी तर उत्तमच. दळण बारीक आणावे. जाड दळलेले पीठ भाजल्यावरही दाताखाली कचकचते.

---

तेरणा (धाराशिव)

ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी काय करावे? आमच्याकडे एक जुना जाड बुडाचा कुकर आहे. रबर आणि शिट्टी काढून, तळाशी मिठाचा थर देऊन त्यात केक होतो. क्रम्बल होईल का?

---

मांजराकाठ (लातूर)

होईल, पण एका टप्प्यात नाही. कुकरमध्ये उष्णता खालून येते आणि फळांची वाफ झाकणाखाली कोंडते. केकला ती वाफ चालते, क्रम्बलच्या चुऱ्याला मात्र चालत नाही. तो शिजतो, बदामी होत नाही आणि ओलसरच राहतो. म्हणून फळे आणि चुरा वेगळे करावेत. फोडींना साखर, लिंबू आणि कॉर्नफ्लोअर लावून स्टीलच्या डब्यात, मिठाच्या थरावर ठेवलेल्या स्टँडवर, मध्यम आचेवर वीस-पंचवीस मिनिटे होऊ द्यावे. त्याच वेळी दुसऱ्या शेगडीवर लोखंडी कढईत चुरा अगदी मंद आचेवर हलवत खमंग भाजून घ्यावा. गूळ मात्र चुऱ्यात आधी घालू नये, तो कढईला लागून जळतो; आच बंद केल्यावर, चुरा गरम असतानाच मिसळावा. वाढताना वाटीत आधी फळे आणि वर चुरा.

चूल पेटवणाऱ्या घरांत आजही जाड पातेल्यावर झाकण ठेवून वर-खाली निखारे देण्याची पद्धत आहे. तिथे मात्र चुऱ्यासह सगळे एकदमच भाजून निघते, कारण वरूनही धग मिळते. तसे करायचे असेल तर वर निखारे जास्त आणि खाली कमी ठेवावेत.

---

गोदाकाठ (नांदेड)

पाडाच्या आंब्याचा मुद्दा पटला. आक्षेप मागे घेतो. आता केळ्याचे सांगतो. पूर्ण पिकलेल्या केळ्यात साखर आपोआप तयार झालेली असते, कारण पिकताना त्यातला स्टार्चच साखरेत बदलतो. म्हणून वरून साखर घालण्याची गरज नाही. साल पिवळीधमक झालेली, पण अजून काळे ठिपके न पडलेली केळी उभी चिरून, लिंबाचा रस आणि किंचित सुंठ लावून वर हाच ज्वारीचा चुरा घालावा. २० ते २५ मिनिटे पुरतात. केळ्याला रस सुटत नाही, त्यामुळे कॉर्नफ्लोअरही नको. ज्यांना आंब्याचा भाव परवडत नाही त्यांनी तर याचाच विचार करावा, कारण केळी बारमाही आहेत आणि त्यांना अढीची वाट पाहावी लागत नाही.

---

बदनापूरची लेक (जालना)

आमच्याकडे मोसंबीच्या बागा आहेत. काका-काकूंना विचारायचे आहे की मोसंबीचा असा पदार्थ होईल का? आणि कलिंगड, खरबूज यांचे काय? उन्हाळ्यात तीच फळे स्वस्त असतात.

---

दुधना (परभणी)

बाळा, मोसंबी भाजू नकोस. तिच्या गरात आणि पांढऱ्या सालीत असे एक द्रव्य असते की ज्यापासून रस काढून ठेवल्यावर किंवा तापवल्यावर लिमोनिन नावाचा कडू पदार्थ तयार होतो. ताजा रस गोड लागतो आणि तोच रस तासाभराने कडवट लागतो, हे तू घरी पाहिलेच असशील. ओव्हनमध्ये ते आणखी लवकर घडते. मोसंबीचा उपयोग करायचा तर सालीचा वरचा हिरवा-पिवळा पापुद्रा तेवढा बारीक किसणीने किसून चुऱ्यात घाल. पांढरा भाग अजिबात येता कामा नये. केळ्याच्या चुऱ्याला तो वास फार शोभतो.

कलिंगडात ९२ टक्क्यांच्या आसपास आणि खरबुजात सुमारे ९० टक्के पाणी असते. ती भाजली की भांड्यात पाणी आणि रेषा एवढेच उरते. नदीकाठच्या वाळूतले खरबूज थंड करून, साखर-वेलदोडा लावून खावे. त्यावर ओव्हनचे संस्कार नकोत.

---

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

दुधनादादांच्या सांगण्याप्रमाणे पहाटे केले आणि चुरा हवा तसा मोकळा झाला. आभारी आहे. तुपाचाच केला होता. सासूबाईंनी दुसऱ्यांदा मागून घेतला आणि म्हणाल्या की याच्याबरोबर घट्ट साय हवी. त्यांचे माहेर हैदराबाद शहरातले. तिकडे खुबानी का मीठा, म्हणजे सुक्या जर्दाळूंचे गोड, सायीबरोबरच वाढतात. मराठवाडा १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, त्यामुळे आपल्या जुन्या शहरांतल्या कितीतरी घरांना हा पदार्थ ओळखीचा आहे. त्यावरून सुचले की आंबे संपल्यावर सुक्या जर्दाळूंचा क्रम्बल करता येईल. जर्दाळू रात्रभर भिजवून, बिया काढून, त्याच पाण्यात मऊ शिजवायचे आणि वर हा चुरा घालून भाजायचे. बिया फोडून आतला गर भिजवून सोलायचा आणि वरून पेरायचा, अशी तिकडची रीत त्यांनी सांगितली. काही जर्दाळूंचा गर कडू निघतो. तो कडू गर टाकूनच द्यावा, खाऊ नये.

विजेसंबंधीही लिहिते, कारण उन्हाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो. लहान ओव्हन १२०० ते २००० वॅटचा असतो. तो ६ अँपिअरच्या साध्या प्लगवर लावू नये, १६ अँपिअरचा पॉवर प्लगच हवा. आणि वीज गेल्यावर घरच्या इन्व्हर्टरवर तर तो मुळीच चालत नाही. भाजताना मध्येच वीज गेली तर दार उघडू नये. आतली धग बराच वेळ टिकते आणि फळे त्यावर शिजत राहतात; वीज आल्यावर उरलेली मिनिटे द्यावीत.

---

तेरणा (धाराशिव)

कुकर आणि कढईची रीत जमली. चुरा वेगळा भाजण्याचा आणखी एक लाभ लक्षात आला : तो हवाबंद डब्यात चार-सहा दिवस खुसखुशीत राहतो, त्यामुळे आयत्या वेळी फक्त फळे करावी लागतात. आमच्याकडे एप्रिलमध्ये द्राक्षांचा शेवटचा तोडा असतो. घडातून सुटलेल्या मण्यांना बाजारात भाव मिळत नाही. ते मणी आंब्याऐवजी चालतील का?

---

मांजराकाठ (लातूर)

चालतील, मात्र साखर अजिबात घालू नये आणि कॉर्नफ्लोअर दुप्पट करावे. मणी उष्णतेने फुटतात आणि रस भरपूर सुटतो. अर्धे मणी चिरून आणि अर्धे अख्खे घेतले तर काही फुटतात, काही टपोरे राहतात, आणि खाताना ते चांगले लागते. अंडे खाणाऱ्या घरांसाठी द्राक्षांचा दुसरा मार्गही आहे. फ्रान्सच्या लिमुझँ भागात क्लाफुटी नावाचा पदार्थ गडद चेरींवर दूध, अंडी, साखर आणि थोडा मैदा यांचे पातळ मिश्रण ओतून भाजतात. चेरीच्या जागी बिनबियांची द्राक्षे घातली तर तोही सुरेख होतो.

क्रम्बलमध्ये साखर-लोणी कमी पडले तरी घाबरू नये, हेही सांगते. ब्रिटनमध्ये ८ जानेवारी १९४० पासून लोणी आणि साखर रेशनवर होती. फळांच्या भांड्यावर पिठाची अख्खी पारी लाटून घालण्याऐवजी थोडासा चुरा पसरणे अशा दिवसांत सोयीचेच होते. लोणी ९० ऐवजी ७० ग्रॅम घेतले तर चुरा किंचित कोरडा होतो, पण पदार्थ बिघडत नाही. गूळ मात्र वाढवू नये. साखरेपेक्षा तो लवकर जळतो, आणि जास्त झाला तर वर चिक्की बसते.

---

बालाघाट (बीड)

धागा सुरुवातीपासून वाचत आहे. पुढच्या आठवड्यात भाचीचे केळवण आहे आणि सुमारे चाळीस पाने होतील. घरच्या ओव्हनमध्ये एवढे होणे शक्य नाही. आमच्या गल्लीच्या टोकाला लाकडाच्या भट्टीची बेकरी आहे. पूर्वी सुट्टीत आम्ही रवा, तूप, साखर आणि पत्र्याचा डबा घेऊन तिथे नानकटाई भाजून आणायचो. बेकरीवाले चाचा अजूनही घरचे सामान भाजून देतात. त्यांच्याकडे न्यावे का, आणि प्रमाण किती घ्यावे? आमच्याकडचे आंबे बहुतेक गावरान आहेत, रेषाळ; त्यांच्या फोडी होत नाहीत.

---

मांजराकाठ (लातूर)

अवश्य न्यावे. पाव निघून गेल्यावर भट्टी जरा निवते आणि तेव्हाच त्यात नानकटाई घालतात. तीच धग क्रम्बललाही मानवते. चाचांना "नानकटाईच्या वेळेला" एवढेच सांगा, अंश सांगण्याची गरज नाही.

प्रमाण सरळ सहापट घ्या : ६ किलो आंबे, ६०० ग्रॅम ज्वारीचे पीठ, ३०० ग्रॅम कणीक, ४५० ग्रॅम गूळ आणि ५४० ग्रॅम लोणी किंवा ४३० ग्रॅमच्या आसपास तूप. गावरान आंब्यांचा रस पिळून, चाळणीतून गाळून, साखर न घालता जाड बुडाच्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवा आणि त्यात एक-दीड किलो कैरीच्या चकत्या घाला. रेषांचा प्रश्न मिटतो आणि चावायलाही काही राहते. कैरी जितकी आंबट असेल तितकी साखर मग चव घेऊन घाला. आटवलेल्या रसाला कॉर्नफ्लोअर लागणार नाही.

बेकरीचे ट्रे मोठे असतात, म्हणून फळांचा थर दोन बोटांहून जाड होणार नाही हे पाहा. जाड थरात मधला भाग कच्चा राहतो आणि कडा जळतात. फळे घरूनच ट्रेमध्ये पसरून न्या. चुरा मात्र आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवलेल्या डब्यातून, तो डबा ओल्या जाड फडक्यात गुंडाळून न्या आणि ट्रे भट्टीत जाण्याच्या क्षणीच वर पसरा.